पुढे एक दात जास्त

चौपदरी रस्त्यावर ताशी ८० ने तासन्‌तास मोटारसायकल चालवणाऱ्याला वेगापेक्षा इंजिनाची अखंड थरथर जास्त थकवते. हँडल, फूटरेस्ट आणि सीटमधून ती अंगात भिनते. चेनच्या पुढच्या, लहान स्प्रॉकेटला एक दात वाढवणे हा त्यावरचा स्वस्त आणि खरोखर उपयोगी पडणारा इलाज आहे. रॉयल एनफिल्डची २०१६ साली आलेली ४११ सीसीची हिमालयन पाहा. तिच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दात, मागच्याला ३८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पुढच्याचे सुमारे २.५३ फेरे. तिथे १६ दातांचे बसवले की हा आकडा २.३८ वर येतो. ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत होते, तिथे आता ३,७५० पुरतात. सव्वासहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पिस्टनच्या वरखाली होण्यातून उठणारा हादरा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो सुमारे बारा टक्क्यांनी उतरतो. पाच गिअरच्या गाडीला सहावा गिअर तर बसवता येत नाही; त्याची थोडी भरपाई अशी होते. मात्र, हँडल सर्वात जास्त थरथरते तो टप्पा आता थोड्या वरच्या वेगाला सरकतो. तो आधी पंचाहत्तरला येत असेल, तर नेमका ऐंशीवर येऊन बसेल. हे बदलाआधीच तपासावे.

पिकअप जाईल, हा आक्षेप खराच आहे. चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये त्याच सव्वासहा टक्क्यांनी घटतो. घाटात पाचव्याऐवजी चौथा टाकून निभावते; खरी अडचण पहिल्या गिअरची, कारण त्याच्या खाली काहीच नाही. मागे माणूस, सामान आणि पुढे चढावरची वाहतूक असेल, तर क्लच जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो आणि लवकर झिजतो. हिमालयनचा सर्वाधिक टॉर्क चार-साडेचार हजार फेऱ्यांतच मिळतो, म्हणून तिला हे पेलते. रोज शहरात फिरणाऱ्या १२५ सीसीच्या गाडीला मी हा सल्ला देणार नाही. टॉप स्पीड वाढेल म्हणून कोणी हे करत असेल, तर तेही करू नये: वाऱ्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते आणि इंजिनाची ताकद तर होती तेवढीच राहते. ॲव्हरेज सुधारले तरी थोडेच.

मागचे स्प्रॉकेट लहान करूनही हाच परिणाम साधतो, पण त्यासाठी अडीचेक दात कमी करावे लागतील. शिवाय पुढचे स्प्रॉकेट मोठे असले की चेन कमी वाकते, तिला ते मानवते. जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट चढवू नये. ताणलेली चेन नवे दात खाते. म्हणून चेन सेट बदलायची वेळ येईल तेव्हाच हे काम करून घ्यावे, आणि कव्हरच्या आत मोठ्या स्प्रॉकेटला जागा आहे का, ते आधी पाहावे. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजतो, त्यांवर काटा ७५ दाखवेल तेव्हा गाडी ८० ने धावत असेल.