टर्मिनलमधील एडिटरचे शॉर्टकट बदलताना: कळ दाबल्यावर विमपर्यंत नेमके काय पोचते?



प्रॅक्टिकल परीक्षेत मी एकाहून अधिक वेळा पाहिलेला प्रसंग सांगतो. विद्यार्थिनीने विम एडिटरमध्ये सी भाषेतला चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फाईल जतन करण्यासाठी सवयीने कंट्रोल-एस दाबले आणि स्क्रीन गोठला. कुठलीही कळ दाबा, काही हलेना. घाबरून तिने टर्मिनलची खिडकीच बंद केली. "सर, मशीन हँग झाले." मशीन हँग झालेले नव्हते. कंट्रोल-क्यू दाबले असते, तर सगळे जागेवर दिसले असते.

असे झाल्यावर बहुतेक जण इंटरनेटवरून कुणाची तरी विमआरसी फाईल उतरवून घेतात. ती कुणाच्या तरी लॅपटॉपवर चालत असते, आपल्या लॅबमध्ये चालत नाही, आणि का चालत नाही हे कळत नाही. म्हणून शॉर्टकट बदलण्याआधी कळ दाबल्यावर एडिटरपर्यंत काय पोचते ते पाहू. (या पाठात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकायच्या.)

एडिटरला कळा दिसत नाहीत. टर्मिनल त्याच्याकडे फक्त बाइट, म्हणजे अंक, पाठवते. आस्की तक्त्यात मोठ्या एसचा अंक 83 आणि लहान एसचा 115. कंट्रोल दाबले की त्या अंकाचे शेवटचे फक्त 5 बिट उरतात. 83 मधून 64 गेले की 19, आणि 115 मधून 96 गेले तरी 19. म्हणजे कंट्रोल-एस आणि कंट्रोल-शिफ्ट-एस या दोन्हींतून पारंपरिक टर्मिनल 19 हाच अंक पाठवते. विमने कितीही प्रयत्न केला तरी त्याला फरक ओळखता येणार नाही, कारण फरक वाटेतच पुसला गेला.

याच हिशोबाने कंट्रोल-आय म्हणजे 9, आणि टॅबचा अंकही 9 च. कंट्रोल-एम म्हणजे 13, तोच एंटरचा. कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस म्हणजे 27, तोच एस्केपचा. आता विचार करा: कंट्रोल-आयला तुम्ही "सगळा कोड इंडेंट कर" असे काम दिलेत, तर टॅबचे काय होईल? तेही तेच काम करू लागेल. ही विमची चूक नव्हे. काही नव्या टर्मिनलांत अशा कळा वेगळ्या ओळखण्याची सोय आहे, पण कॉलेजच्या सर्व्हरवर दुरून लॉगिन करताना तिच्यावर विसंबू नका.

बाणाच्या कळा तर एका बाइटच्याही नसतात. टर्मिनलमध्ये कॅट, जागा, उणे-व्ही अशी आज्ञा द्या आणि वरचा बाण दाबा. सामान्यतः एस्केपचे चिन्ह, डावा चौकोनी कंस आणि मोठा ए अशी मालिका उमटेल. ऑल्टसोबतची कळसुद्धा बहुतेक टर्मिनलांत आधी एस्केप आणि मग ती कळ अशीच जाते. म्हणूनच इन्सर्ट मोडमध्ये एस्केपला दुसरे काम देऊ नका असे मी सांगतो, नाहीतर बाणाच्या कळा दाबल्यावर कोडमध्ये भलतीच अक्षरे दिसू लागतात. कॅटमधून बाहेर पडायला कंट्रोल-सी.

आता कंट्रोल-एसकडे परत. टेलिप्रिंटरच्या काळापासून 19 या अंकाचा अर्थ "थांब, पाठवू नकोस" आणि 17 चा, म्हणजे कंट्रोल-क्यूचा, अर्थ "चालू दे" असा आहे. लिनक्सचा टर्मिनल-चालक आजही तो पाळतो. 19 आला की तो स्क्रीनवरचे लेखन रोखतो, आणि तो अंक एडिटरपर्यंत पोचतच नाही. नॅनो एडिटर हा नियम स्वतः बंद करतो, म्हणून तिथे असे गोठणे दिसत नाही. आमच्या लॅबमधल्या विमच्या जुन्या आवृत्तीत तो चालू राहतो. उपाय शेलच्या पातळीवर करायचा: बॅशआरसी फाईलमध्ये एसटीटीवाय, जागा, उणे-आयक्सॉन अशी ओळ घाला. आता 19 हा अंक विमपर्यंत येईल.

त्यानंतरच विमआरसीमध्ये शॉर्टकट लिहायचा. नॉर्मल मोडसाठी:

एननोरीमॅप <सी-एस> :डब्ल्यू<सीआर>

आणि इन्सर्ट मोडसाठी:

आयनोरीमॅप <सी-एस> <सी-ओ>:डब्ल्यू<सीआर>

पहिले अक्षर मोड सांगते, एन म्हणजे नॉर्मल, आय म्हणजे इन्सर्ट. सीआर म्हणजे एंटर. सी-ओ ही विमचीच सोय आहे: इन्सर्ट मोडमधून एक आज्ञा चालवून परत तिथेच यायचे.

मधला "नोरी" गाळू नका. तो गाळला की विम उजव्या बाजूच्या कळांसाठीही तुमचेच शॉर्टकट शोधू लागते. जेचे काम केला आणि केचे जेला द्यायचे म्हणून कुणी साध्या एनमॅपने दोन ओळी लिहिल्या, तर जे म्हणते के, के म्हणते जे, आणि शेवटी विम "रिकर्सिव्ह मॅपिंग" अशी त्रुटी दाखवते. "नोरी" असेल तर उजवी बाजू मूळ अर्थानेच वाचली जाते. मी तरी नेहमी "नोरी"च वापरतो.

शॉर्टकट तरीही चालत नसेल, तर विममध्ये अपूर्णविराम देऊन व्हर्बोज, जागा, मॅप आणि ती कळ टंका. ती कुठल्या फाईलने बांधली आहे ते दिसते. तिथे सगळे ठीक असेल, तर मधल्या कुणीतरी कळ पळवली आहे. ग्नोम टर्मिनल एफ-10 आणि एफ-11 स्वतःकडे ठेवते, टीमक्स कंट्रोल-बी ठेवते. शंका आली की पुन्हा कॅट उणे-व्ही चालवून तीच कळ दाबा. काही उमटले नाही, तर विमआरसीशी झगडण्यात अर्थ नाही.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले? विम लिहीत असताना शेजारी एक स्वॅप फाईल ठेवते. साधारण 200 अक्षरे टंकल्यावर किंवा 4 सेकंद काही न टंकल्यास ती अद्ययावत होते. विम, जागा, उणे-आर आणि फाईलचे नाव अशी आज्ञा दिल्यावर तिचा जवळपास सगळा प्रोग्रॅम परत आला. हे परीक्षेच्या आदल्या दिवशी करून पाहिलेले बरे.

राहिला आपल्या भाषांचा प्रश्न. मराठी, कन्नड किंवा तमिळ मजकूर विममध्ये लिहिताना इनस्क्रिप्ट मांडणी चालू असते. एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात आणि ओळ खोडायला डीडी दाबलेत, तर देवनागरी मांडणीत दोनदा हलन्त जातो. फाईल जतन करायला अपूर्णविराम-डब्ल्यू दाबावे, तर "छै" जाते. दर वेळी मांडणी बदलत बसावे लागते.

यावर विमचा कीमॅप हा पर्याय मला सर्वांत सोयीचा वाटतो. संगणकाची मांडणी इंग्रजीच ठेवायची. होम फोल्डरमधल्या डॉट-विमच्या आत कीमॅप नावाचे फोल्डर करून त्यात मराठी-डॉट-विम ही फाईल लिहायची. त्यात लोडकीमॅप या ओळीखाली प्रत्येक ओळीत एक जोडी येते: रोमन के आणि क, एच आणि प, जे आणि र, एल आणि त. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिपींचे समान वर्ण त्याच कळांवर असल्याने कन्नड किंवा बांग्ला लिहिणाऱ्यांनी फक्त उजवी बाजू बदलायची. विमआरसीमध्ये सेट, जागा, कीमॅप, बरोबरचे चिन्ह, मराठी. आता इन्सर्ट मोडमध्ये मराठी उमटते आणि नॉर्मल मोडमधल्या सर्व आज्ञा रोमनच राहतात. कोडमध्ये मध्येच इंग्रजी हवे असेल, तर इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-6 दाबा. टर्मिनल त्याचा 30 हा अंक पाठवते आणि विम कीमॅप बंद-चालू करते.