दाणापाणी (भाग 6) : पिल्लाच्या पोटात गवारीचा डिंक

सोयाबीनची पेंड महागली की कुक्कुटपालकाची नजर गोदामातल्या दुसऱ्या पोत्यांकडे वळते, हे गेल्या भागात पाहिलं. 2021 मध्ये पेंड किलोला शंभरीच्या आसपास गेली आणि ऑगस्टमध्ये केंद्राला 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. असं दुसरं पोतं हरियाणात सहज मिळतं. ते गवारीचं असतं.

पानिपत म्हटलं की आपण 1761 च्या पुढे जात नाही. आजचा पानिपत, करनाल, सफीदोंचा पट्टा हॅचऱ्यांचा आणि ब्रॉयलरच्या शेडचा आहे; इथला पक्षी दिल्लीच्या गाझीपूर मंडीत जातो. शिवारात गहू आणि भात. गवार पिकते ती भिवानी, हिसार, सिरसाकडच्या कोरडवाहू रानात. गिरणीत दाणा फोडून मधला डिंकाचा भाग काढून घेतात. अमेरिकेत तेलविहिरींसाठी याच डिंकाला इतकी मागणी आली की मार्च 2012 मध्ये गवारीचे वायदे बंद करावे लागले. डिंक गेल्यावर मागे राहतात कोरमा आणि चुरी. कोरमा प्रामुख्याने अंकुराचा, प्रथिनं सोयापेंडीच्या तोडीची, अनेकदा जास्तच. चुरीत साल अधिक.

कागदावर हा सौदा झकास दिसतो. अडतं ते पिल्लाच्या आतड्यात. गिरणीने कितीही काढला तरी थोडा डिंक कोरम्याला चिकटून राहतोच. चमचाभर चुरी पेलाभर पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवा आणि बोटांत धरून पाहा. भेंडी चिरल्यावर सुरीला लागते तशी बुळबुळ लागेल. पोटातही हेच होतं. खाल्लेलं घट्ट, चिकट होतं, पाचक रसांना आत शिरता येत नाही. मोठा पक्षी थोडंफार निभावून नेतो. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या पिल्लाचं आतडं अजून तयारच होत असतं. विष्ठा चिकट पडते, पाठीमागचा पिसारा माखतो, लिटर, म्हणजे शेडमधलं अंथरूण, ओलं होतं. पानिपतच्या जानेवारीत, धुकं आणि बंद पडद्यांमागे बुखारी (शेगडी) पेटलेली असताना, भाताच्या तुसाचं ओलं लिटर वाळत नाही आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात.

टेक्सासमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये दोन्ही भाग वेगवेगळे खाऊ घालून पाहिले. सालीच्या भागाने आतड्यातला चिकटपणा अंकुराच्या भागापेक्षा जास्त वाढवला. म्हणून व्यापारी ‘गवारीचा माल’ म्हणाला तर आधी विचारायचं, कोरमा की चुरी? भाजलेला कोरमा कच्च्यापेक्षा बरा, पण भाजल्याने डिंक जात नाही. त्यासाठी बीटा-मॅननेज नावाचं एन्झाइम घालतात. शिवाय लायसिन आणि मेथिओनिन वरून द्यावं लागतं, कारण गवारीत लायसिन सोयापेक्षा कमी, आणि मेथिओनिन तर दोन्हीकडे तोकडंच.

आता खरा हिशेब. हजार पिल्लं पहिल्या आठवड्यात साधारण 160 किलो खाद्य खातात. त्यात 5 टक्के कोरमा म्हणजे 8 किलो. सोयापेक्षा तो 15 रुपयांनी स्वस्त धरला तर वाचले 120 रुपये! पिल्लाचा भाव तीस रुपये असेल तर चार जादा मरतुकीत ते संपले. त्याउलट तीन आठवड्यांनंतर हेच हजार पक्षी दोन टनांहून जास्त खाद्य खातात; तिथे 5 टक्के म्हणजे शंभर किलो, दीड हजार रुपये. प्रथिनांची गरजही पुढे घटते: भारतीय मानक प्री-स्टार्टरमध्ये (पहिल्या आठवड्याच्या खाद्यात) 23 टक्के प्रथिनं मागतं आणि फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्यात) 20. माझ्या मते पहिले दहा दिवस गवारीला हातच लावू नये. पुढे भाजलेला कोरमा, एन्झाइमसह, थोड्यापासून सुरू करावा आणि वजनाआधी लिटरकडे पाहावं.

तूर आणि हरभऱ्याच्या चुनीची गोष्ट वेगळी. तिथे डिंकाची नाही, तंतूची अडचण आहे. लातूर-अकोल्याच्या डाळमिलमधून निघणारी ही चुनी गायी-म्हशी आनंदाने खातात. कोंबडीला ती कितपत चालते, ते पुढच्या आठवड्यात.