पाटी तीन लिप्यांची, तोल रेघेचा

बेळगावात साड्यांच्या किंवा दागिन्यांच्या दुकानावर इंग्रजी नाव बहुधा एका ठरावीक वळणात दिसते: उभी रेघ भरदार, आडवी केसासारखी बारीक, आणि टोकांना तितक्याच बारीक सपाट पट्ट्या. हे वळण अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मात जांबात्तिस्ता बोदोनीने आणि पॅरिसात दिदो घराण्याने घडवले. कागद गुळगुळीत मिळू लागला होता, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांची नजाकत लोकांच्या डोळ्यांत भरली होती. म्हणून शिशाच्या खिळ्यातून इतकी बारीक रेघ उमटवण्याचे धाडस झाले. पुढे ‘व्होग’सारख्या मासिकांमुळे उंची कपड्यांशी आणि दागिन्यांशी तिचे नाते जुळले. पाटीवर मराठी आणि कन्नड नावे मात्र हाताशी असेल त्या ठोकळ फाँटात, कधी जागा भरण्यासाठी आडवी ताणून, उरकलेली असतात. डौल इंग्रजीलाच साधतो, असा समज त्यातून पसरतो. तो खोटा आहे.

जाड-बारीक रेघ देवनागरीला उसनी आणावी लागत नाही. बोरूचे टोक तिरके कापले की हात वळेल तशी रेघ फुगते आणि निमुळती होते. मात्र देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो, त्यामुळे शिरोरेघ आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे येतात आणि बारकावा वळणांत उतरतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टायपांत ही जाण दिसते. बोदोनीचा नियम तसाच लावून शिरोरेघ केसाएवढी केली, तर ‘शुभविवाह’मधली अक्षरे दोरी तुटलेल्या तोरणासारखी सुटी पडतात. कन्नडची घडण आणखी वेगळी. ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरताना रेघ एकाच जाडीची राहते. त्या लिपीचा डौल गोलाईत आणि माथ्यावरच्या रेघेत, म्हणजे तलेकट्टूत, आहे. म्हणून तिन्ही लिप्या एका साच्यात कोंबू नयेत. पाटीवरचा एकूण काळेपणा जुळवावा आणि वळण ज्याचे त्याला ठेवावे.

दुकानदार म्हणेल, गिऱ्हाईक नाव वाचते, रेघ मोजत नाही. खरे आहे, पण कोणत्या भाषेवर मेहनत घेतली आणि कोणती उरकली, हे न मोजताही कळते, आणि ज्या गावात पाटीवरून वाद पेटतात तिथे तर फारच लवकर कळते. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. त्याने जागेची वाटणी ठरली, अक्षराचे वळण ठरले नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बारीक रेघ लांबून दिसत नाही. निपाणीजवळ महामार्गावरून धावत्या बसमधून ती नाहीशीच होते, आणि बीडीच्या बंडलाच्या लहानशा लेबलावर छपाईत तुटते. म्हणून हे वळण मोठ्या आकारातल्या मोजक्या शब्दांसाठी राखावे: दुकानाचे दर्शनी नाव, लग्नपत्रिकेचे शीर्षक, पुस्तकाचे मुखपृष्ठ. पत्ता आणि फोन नंबर त्यात घालूच नयेत.

साधनेही आता आहेत. ‘रोझा वन’ या मोफत फाँटात देवनागरी आणि रोमन दोन्हींना ठसठशीत जाड-बारीक रेघ आहे, कन्नड नाही. ‘तिरो’ मालिकेत मराठी वळणाच्या ल-श सह देवनागरी आहे आणि कन्नडही आहे, पण तो मजकुराचा टाइप, पाटीसाठी सौम्य. तेव्हा मोठ्या पाटीवरचे कन्नड नाव तूर्त जाणत्या पेंटरकडून हाताने रेखून घ्यावे आणि मग त्याच्या जाडीला जुळतील अशी मराठी व इंग्रजी अक्षरे निवडावीत.