मोजणाऱ्याचे नाव

घरी बनविलेली अँटेना चालते की नाही, हे रेडिओ लावताच कळते. ती कोणत्या दिशेला किती चालते, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही. या मोजणीतून जी आकृती उमटते, तिला प्रारण आकृतिबंध म्हणतात.

आम्ही विद्यार्थ्यांसमवेत लाकडी दांड्यावर ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या बसवून यागी-उदा पद्धतीची अँटेना तयार केली. १०० मेगाहर्ट्‌झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर असते. म्हणून केबल जोडलेली मधली नळी त्याच्या निम्म्याहून किंचित आखूड, मागची थोडी लांब आणि पुढची आणखी आखूड ठेवली. प्रक्षेपणास परवाना लागतो. परंतु अँटेनेचा आकृतिबंध प्रक्षेपणात व ग्रहणात एकच असतो. त्यामुळे दूरच्या आकाशवाणी केंद्राचा सिग्नल ग्रहण करूनच आमचे काम भागले.

वसतिगृहाच्या गच्चीवर खांब उभारून दर १० अंशांनी अँटेना फिरविली आणि ३६ नोंदी केल्या. रिसीव्हर क्षीण सिग्नल आपोआप वाढवितो. ती सोय आधी बंद केली, अन्यथा सर्व दिशा सारख्याच भासल्या असत्या. शेवटी पुन्हा शून्य अंशावर येऊन पहिली नोंद पडताळली. सर्वांत मोठी नोंद शून्य डेसिबल धरून बाकीच्या तिच्या तुलनेत गोल आलेखावर मांडल्या. उणे ३ म्हणजे निम्मी शक्ती, उणे १० म्हणजे दहावा हिस्सा.

आलेखात एका बाजूस अनपेक्षित फुगवटा आला. पुस्तकातील आकृतीत तो नव्हता. काही विद्यार्थ्यांना तो खोडावासा वाटला. आम्ही तो राहू दिला. नंतर खांब लोखंडी टाकीपासून दूर नेऊन फेरी पुन्हा केली, तेव्हा फुगवटा नाहीसा झाला. टाकीवरून परतणारी लहर त्याचे कारण होती. खोडला असता, तर हे कधीच उमगले नसते.

या अँटेनेवरील प्रयोगांचे बहुतांश कष्ट जपानमधील सेंदाई येथे शिंतारो उदा यांनी घेतले. १९२८ मध्ये त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. त्यात उदांच्या कार्याचा उल्लेख होता. तरीही जगाच्या तोंडी एकट्या यागींचेच नाव बसले. इतिहासाचे शिक्षक म्हणून हे आम्हांस विसरता येत नाही. आमच्या नोंदवहीत प्रत्येक आकड्यासमोर तो मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले आहे.