भाताच्या गोष्टी (९) : पाणी भोपळ्याचं, खापर तांदळावर

या आठवड्यात स्टॉकबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढे ढकलतो आहे. निमित्त पडेगावच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न. गेल्या महिन्यात दिलेल्या पद्धतीने त्यांनी साधा रिसोटो केला, तो झकास झाला. मग तोच इंद्रायणी तांदूळ, तेच बटर, तीच जाड बुडाची कढई घेऊन लाल भोपळ्याचा रिसोटो केला, तर त्याची पार पेज झाली. शेजारच्या ताईंनी निकाल देऊन टाकला की इंद्रायणी असल्या कामाचा नाहीच, आर्बोरिओ मागवायला हवा. आता महागडा तांदूळ मागवावा की नाद सोडावा, असा त्यांचा सवाल आहे. माझं म्हणणं असं की उत्तर त्यांच्या प्रश्नातच दडलेलं आहे. जो तांदूळ भोपळ्याशिवाय नीट वागला, तो भोपळा आल्यावर एकाएकी बिघडला असेल, तर आधी संशय भोपळ्यावर घ्यायला हवा. रिसोटो फसला की आपण तांदळाला धरून झोडतो, आणि खरा गुन्हेगार फोडींच्या रूपाने कढईत उजळ माथ्याने बसलेला असतो. त्याचं हत्यार म्हणजे त्याच्या अंगचं पाणी.

हिशेब करून पाहू. अमेरिकेच्या कृषी खात्याचे पोषणतक्ते सांगतात की कच्च्या भोपळ्यात ९१ ते ९२ टक्के पाणी असतं आणि परदेशी पाककृतींत सर्रास येणाऱ्या बटरनटमध्ये सुमारे ८६ टक्के. पाच-सहा टक्क्यांनी काय आभाळ कोसळतं, असं वाटेल. पण उलट बाजूने पाहा. शंभर ग्रॅम भोपळ्यात घन ऐवज जेमतेम आठ-साडेआठ ग्रॅम, आणि बटरनटमध्ये साडेतेरा-चौदा, म्हणजे दीडपटीहून जास्त. तिथल्या पाककृतीत '४०० ग्रॅम स्क्वॉश' लिहिलेलं वाचून आपण ४०० ग्रॅम लाल भोपळा चिरला, तर कढईत ३६५ ग्रॅमच्या आसपास पाणी गेलं. २०० ग्रॅम तांदळाच्या रिसोटोला एकूण ७०० ते ८०० मिलिलिटर पाणी लागतं. त्यातलं जवळपास निम्मं भोपळ्याने गुपचूप आणलं, आणि पाककृतीबरहुकूम आपण वरून पूर्ण मापाचं पाणीही ओतलं. तरी नुसतं जास्त पाणी ही अर्धीच अडचण. ते येतं कधी, हे अधिक नडतं. कच्च्या फोडीचं पाणी पेशींच्या भिंतींआड कोंडलेलं असतं. पहिली आठ-दहा मिनिटं फोड टणक असते, म्हणून कढई कोरडी दिसते आणि आपण आणखी एक डाव पाणी घालतो. मग पेक्टिन सैल पडतं, फोडी मोडतात, आणि तांदूळ शिजत आलेला असताना नेमकं त्याच वेळी सगळं पाणी बाहेर येतं. आता ते आटवायचं म्हणजे वेळ हवा. दाणा काही त्या पाण्यासाठी थांबून राहत नाही. पाच-सात मिनिटं जास्त उकळी बसली की तो फुटतो आणि पेज तयार होते.

स्टार्चचं पुराण आधीच्या लेखांकांत झालं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. इथे एवढंच लक्षात घ्यायचं की रिसोटोत एकाच दाण्याकडून दोन कामं करून घ्यायची असतात. बाहेरच्या थराने विरघळून सायीसारखा दाटपणा द्यायचा आणि आतल्या गाभ्याने दाताला थोडी जाणीव करून द्यायची. इटलीत १९४५ साली कार्नारोली आणि १९४६ साली आर्बोरिओ ही वाणं निघाली, त्यांचे दाणे जाडजूड आहेत आणि गाभा शिजायला वेळ घेतो. इंद्रायणी १९८७ सालची, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातली, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली. तिचा जन्मच वरणाखालच्या मऊ, सुवासिक भातासाठी. दाणा बारीक, त्यामुळे 'झाला' आणि 'गेला' यांच्यामध्ये फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात. शेजारच्या ताईंचं म्हणणं इथवर मला मान्य आहे. आर्बोरिओ चुका पोटात घालतो, इंद्रायणी घालत नाही. पण चूक पोटात घालणारा तांदूळ आणल्याने चूक नाहीशी होत नाही. आर्बोरिओत पाणचट भोपळा घातला तर पेज होणार नाही कदाचित, पण भोपळ्याची चव लागणार नाही आणि वर दाम कितीतरी पट मोजावे लागतील.

गंमत अशी की भोपळ्याच्या पाण्याचा हा स्वभाव मराठी स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घारग्यांचं पीठ भिजवताना वेगळं पाणी कुणी घालत नाही. भोपळ्याचा कीस वाफवायचा, त्यात गूळ विरघळवायचा आणि मग 'मावेल तेवढी' कणीक घालायची. माप पिठाचं कधीच दिलेलं नसतं, कारण ते त्या दिवशीचा भोपळा ठरवतो. भोपळ्याच्या भाजीलाही झाकणावर पाणी ठेवून अंगच्या रसात शिजवायची रीत आहे. भरीत करताना उकडलेल्या फोडी चाळणीत निथळत ठेवल्या नाहीत तर दह्याचं ताक होतं, हे नव्या सुनेलाही सांगितलेलं असतं. म्हणजे भोपळा हाताळताना पाणी त्याचं धरायचं, आपलं नाही, हा नियम आपल्या हाडीमाशी आहे. पण परदेशी पदार्थाचं नाव ऐकलं की तो गळून पडतो आणि आपण ग्रॅममध्ये लिहिलेल्या आकड्याला शरण जातो.

यावर एक आक्षेप हमखास येईल. भोपळ्याच्या रिसोटोचं माहेर म्हणजे उत्तर इटलीतला मान्तोव्हा आणि व्हेनेतोचा भाग. तिथल्या बायका कच्च्या फोडी कांद्याबरोबर बटरमध्ये परततात, त्यावरच तांदूळ घालतात आणि सगळं एकत्र शिजवतात. त्यांचं बिघडत नाही, मग आपलंच का? कारण त्यांचा भोपळा वेगळा. मान्तोव्हाची 'कापेल्लो देल प्रेते' किंवा व्हेनिसजवळची 'मारिना दि किओज्जा' ही वाणं घट्ट, कोरडी, उकडल्यावर पिठूळ लागणारी. आणि एवढी कोरडी असूनही, मान्तोव्हाचे प्रसिद्ध तोर्तेल्ली करताना सारणाचा भोपळा भट्टीत भाजून सुकवूनच घेतात. तेव्हा त्यांचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. भोपळा कोरडा असेल तर थेट घाला, नसेल तर कोरडा करून घ्या, एवढंच त्यातून निघतं. दुसरा आक्षेप शहरी आहे: मोठ्या दुकानांत आता बटरनट मिळतो, तोच का आणू नये? खुशाल आणावा. पण बटरनट आणि आपल्याकडचे बहुतेक लाल भोपळे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीचे आहेत, कुकुर्बिटा मोस्काटा. दोघांचं मूळ अमेरिका खंडातलं. पूर्ण पिकलेला, मुरलेला लाल भोपळा बटरनटच्या पुष्कळ जवळ जातो. कोवळा आणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

पिकलेला ओळखायचा कसा, यावर थोडं रेंगाळतो, कारण अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. पडेगावकरांना छावणीचा गुरुवारचा बाजार जवळ आहे. तिथे काय किंवा कुठल्याही भाजीवाल्याकडे काय, भोपळा सहसा कापून फोडींवर विकतात, आणि हे आपल्या फायद्याचं आहे. अख्ख्या बटरनटच्या पोटात काय आहे ते घरी येईपर्यंत कळत नाही. इथे पोटच समोर उघडं असतं. फोडीचा कापलेला भाग पाहा. रंग फिकट पिवळा नको, गडद केशरी हवा. गर घट्ट विणीचा हवा. बियांच्या पोकळीकडचे धागे लोंबत असतील आणि कापावर पाण्याचे थेंब चमकत असतील, तर ती फोड भाजीला ठीक, रिसोटोला नको. बी टपोरं, भरलेलं असावं. चपटी, पांढुरकी बी म्हणजे भोपळा वेलावरून लवकर उतरवलेला. सालीत अंगठ्याचं नख रुतवून पाहा. सहज शिरलं तर कोवळा, अडलं तर घ्या. वजनाला हात लावून पाहायची सवय असते, पण पाणीही जड असतं, त्यामुळे एकट्या वजनावर जाऊ नये. भोपळा जून असून महिनाभर हवेशीर जागी राहिलेला असेल तर फारच उत्तम. ठेवणीत त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते आणि थोडं पाणीही उडतं. खेड्यात पावसाळ्यात वेलावर धरलेले भोपळे दिवाळीनंतरही माळ्यावर राखून खातात, त्यात ही चवीची जाण आहेच.

आता घरी. साल आणि आतला गाभा काढून ४०० ग्रॅम फोडी घ्या, मीठ न लावता तेलाचा हात फिरवा आणि ओव्हन असेल तर २०० अंशांवर कडा काळपट होईपर्यंत भाजा. साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर पसरट लोखंडी तवा चांगला, फक्त झाकण ठेवायचा मोह आवरा, कारण झाकणाखाली भोपळा भाजत नाही, वाफवतो. फोडी एकमेकींवर रचू नयेत. ४०० ग्रॅमचे २५० ग्रॅमच्या आसपास उरले की समजा काम झालं. यातल्या दोन तृतीयांश फोडी घोटा, बाकीच्या तशाच ठेवा. घोटलेल्या गरातले दोन चमचे सुरुवातीलाच कांद्याबरोबर बटरमध्ये परता. भोपळ्याचा रंग कॅरोटीनचा, आणि कॅरोटीन स्निग्धात उतरतं, पाण्यात नाही. म्हणून रश्श्यावर तर्री यावी तसं बटर केशरी होतं आणि तो रंग पुढे प्रत्येक दाण्याला लागतो. मग न धुतलेला २०० ग्रॅम इंद्रायणी, मग गरम पाणी किंवा स्टॉक डावाडावाने. दाण्याला अजून थोडी कणी आहे असं दातांना कळलं, साधारण अकराव्या-बाराव्या मिनिटाला, की उरलेला गर आणि बाजूला ठेवलेल्या फोडी घाला. आता तो पाणी सोडणार नाही, उलट मोकळं पाणी धरून ठेवील. भोपळ्याचं पेक्टिन आणि तंतू हे स्वतःच दाटपणा देणारे आहेत. दोन मिनिटांत गॅस बंद करून थंड बटरचा तुकडा आणि किसलेलं चीज घालून जोरात फेटा. ताटलीत ओतल्यावर रिसोटो आपणहून हळूहळू पसरला पाहिजे. ढीग करून बसला तर दोन चमचे गरम पाणी घाला.

तांदूळ धुवायचा नाही, शिजवून पाणी काढायचं नाही, हा भाग काहींना खटकतो. पण नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या शहरात पाण्याचा थेंबही मोरीत न घालवणारा पदार्थ निदान या कारणासाठी तरी गोड मानून घ्यावा. तांदूळ निवडून कोरड्या फडक्याने पुसला की पुरे. भाजल्यामुळे भोपळ्याचा गोडवा वाढतो, त्याला आंबटाची जोड लागते. इटलीत व्हाइट वाइन घालतात, आणि पडेगाववरून जाणारा रस्ता पुढे नाशिककडेच जातो, तेव्हा तिथली शेनँ ब्लाँ चालेल. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. सुरुवातीला पिळू नये, आंबटपणाने भोपळा लवकर मऊ पडत नाही. फ्रेश क्रीम मात्र घालू नका. क्रीमने पदार्थ मऊ लागतो हे खरं, पण जो दाटपणा तांदळाने आणि भोपळ्याने मिळून आधीच दिला आहे, त्यावर दुधाचा थर चढवला की दोघांचीही चव बुजते. क्रीम घालावंसं वाटणं हीच मुळात आधी कुठेतरी पाणी जास्त झाल्याची खूण असते.

राहिला तो 'एवढं करून हा गुरगुट्या भातच की' हा शेरा. गुरगुट्या भाताचा मी भक्त आहे, त्यामुळे हा शेरा मला अपमान वाटत नाही. पण तो बरोबर नाही. गुरगुट्यात दाणा पूर्ण शरण यावा अशी अपेक्षा असते, रिसोटोत त्याने थोडं अडून राहावं अशी. त्यापेक्षा कुकरवाल्यांचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सतत ढवळत उभं राहायची गरज आहे का, असं ते विचारतात. फारशी नाही. कुकरच्या उकळीतही दाण्यावर दाणा घासून पुरेसा स्टार्च सुटतो. फक्त वाफ कोंडलेली असल्यामुळे पाणी आटत नाही, म्हणून ते तांदळाच्या अडीचपटच घ्यावं आणि भोपळा आत मुळीच घालू नये. कांदा, गराचे दोन चमचे, तांदूळ, पाणी. एक शिट्टी होताच गॅस बंद आणि कुकर लगेच थंड पाण्याखाली धरायचा, कारण वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबलं तर इंद्रायणी आतल्या आत शिजत राहते. झाकण उघडलं की सगळं थोडं पातळ दिसेल. भाजलेला गर त्यानंतर घालायचा, मंद आचेवर दोन मिनिटं हलवायचं आणि मग बटर-चीज. भोपळ्याच्या साली आणि बियांभोवतीचा गाभा टाकू नका, चमचाभर तेलावर परतून त्यांचा स्टॉक करता येतो. त्याची कृती स्टॉकच्या लेखांकात, पुढच्या आठवड्यात.