लॅबच्या रिपोर्टमध्ये न सापडणारा वायू

स्टेंट बसवल्यावर महिनोन्‌महिने नेमाने चालायचं आणि रिपोर्ट पाहावा तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जेमतेम हललेलं! मग घाम गाळून मिळवलं काय? हृदयरोग्यांची ही तक्रार रास्त आहे. एलडीएल उतरवणं हे मुख्यतः स्टॅटिन औषधांचं काम. व्यायामाने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वाढतं, तेही थोडंच. ट्रायग्लिसराइड मात्र खाली येतं, कारण राबणारे स्नायू रक्तातली चरबी ओढून घेतात. पण हा परिणाम दोनेक दिवसांत ओसरतो.

खरी करामत वेगळ्याच रेणूची आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. नेहमीच्या रक्ततपासणीत तो शोधणं म्हणजे फुटपट्टीने वारा मोजणं.

त्याचा माग लागला तो सशाच्या महाधमनीमुळे. तिची अस्तर शाबूत असलेली पट्टी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाने सैलावते आणि अस्तर खरवडलेली उलट आवळते, हे अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं. अस्तरातून पाझरून धमनी सैलावणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या चमूने सिद्ध केलं. त्याच वर्षी लुई इग्नारोही याच निष्कर्षाला पोहोचले. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. होंडुरासचे मोंकादा बाहेरच राहिले. तिघांहून अधिक नावं न घेण्याचा नोबेलचा नियम विज्ञानाला अनेकदा असा नडतो.

हृदयरोग्याची कोरोनरी धमनी त्या खरवडलेल्या पट्टीसारखीच वागते: अ‍ॅसिटिलकोलिन दिलं की आवळते. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये हृदयरोगतज्ज्ञ राइनर हाम्ब्रेख्ट यांनी अशा मोजक्या रुग्णांकडून चार आठवडे कसून व्यायाम करून घेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे आवळणं निम्म्याहून अधिक घटलं. व्यायामात रक्त वेगाने धावतं, अस्तरावर घासतं आणि त्या घर्षणाने नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर जागं होतं. रोज घडलं तर ते विकर अधिक तत्पर होतं.

या वायूचं महत्त्व कळल्यावर ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या’ पुड्यांचा बाजार फुलला. या वायूचा कच्चा माल म्हणजे एल-आर्जिनिन, मग तेच गिळलं की झालं! अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर ही कल्पना तपासली गेली. धमन्यांचा ताठरपणा काही कमी झाला नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांपैकी एकही नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. पुड्या मात्र अजूनही विकल्या जातात.