काजळीचे अर्थकारण

काजळीला समाजात मान कधीच नव्हता. डोळ्यांतले काजळ, शाई आणि टायरचे रबर एवढ्यापुरते तिचे काम. एरवी ती कंदिलाच्या काचेवरून पुसून टाकायची. त्याच काजळीत सापडलेल्या रेणूने रसायनशास्त्रात नवे दालन उघडले. परंतु ज्यांना शोधाचा मान मिळाला आणि ज्यांच्यामुळे तो पदार्थ हाती आला, ती माणसे निराळी होती.

१९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना लेसरने उडविलेल्या ग्रॅफाइटच्या वाफेत साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू आढळला. मात्र तो इतका अल्प, की यंत्राच्या आलेखावर दिसावा, बाटलीत भरता येऊ नये. साहजिकच त्याच्या रचनेविषयी वाद राहिला. १९९० मध्ये जर्मनीतील क्रेचमर आणि अमेरिकेतील हफमन या भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयत्नांनी तो मिटला. अंतराळातील धुळीचा अभ्यास हा त्यांचा मूळ विषय. त्यांनी विरळ हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्या विजेने तापवून काजळी जमविली आणि ती बेंझीनमध्ये कालविली. द्रावण तांबडे झाले. ते आटविल्यावर स्फटिक उरले. तशीच काजळी त्यांनी १९८३ मध्येही केली होती, पण तिच्या वर्णपटातील चमत्कारिक उंचवटे अशुद्धतेचे समजून बाजूला ठेवले होते! १९९६ चे नोबेल पारितोषिक पहिल्या तिघांना मिळाले.

पुढे १९९१ मध्ये जपानच्या इजिमा यांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पोलादाहून बळकट म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. बायर कंपनीने २०१० मध्ये लेव्हरकूझेन येथे वर्षाला २०० टन क्षमतेचा कारखाना सुरू केला आणि २०१३ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतले. माल होता, पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. धातूच्या कणांवर तप्त हायड्रोकार्बन वायू सोडला की नळ्या वाढतात. खरा खर्च त्यानंतरचा. धातू आम्लाने धुवून काढायचा, आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी हव्या असतील तर धातूसारख्या नळ्या अर्धवाहक नळ्यांतून निवडायच्या. लिथियम बॅटरीला अशी निवड लागत नाही. तेथे मागणी निघाली, आणि चीनमधील कारखान्यांनी ती उचलली.

भारत सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’साठी पाच वर्षांकरिता १००० कोटी रुपये मंजूर केले. शोधनिबंध भरघोस निघाले. पण ग्रॅमची कृती किलोवर नेण्यात वर्षे घालविणाऱ्या संशोधकाच्या खात्यावर काय जमा होते? दुसऱ्या खेपेचा माल पहिल्यासारखा उतरला का, धुण्यात आम्ल किती गेले, या नोंदींना नियतकालिकांत फारशी जागा नसते. बढतीसाठी निबंध मोजणाऱ्या समित्यांनी त्या वह्याही मागवून पाहाव्यात.